ब्लाउज शिवता शिवता हरिपाठ: कामाच्या दिवसात नाम कसं बसवायचं

माप द्यायला उभ्या राहिलेल्या बायकांतल्या दोघी-तिघी तरी म्हणतातच, "काकू, तुमचं बरं आहे. घरातल्या घरात काम, तोंडानं विठ्ठल विठ्ठल म्हणायला मोकळ्या. आम्हाला कुठला आलाय वेळ?" मी टेप खांद्यावरून मुंढ्यावर आणते आणि गप्प बसते, कारण त्या वेळी आकडा तोंडात धरलेला असतो. बोलले की विसरते. त्यामुळे उत्तर राहून जातं. ते आज सविस्तर देते.

मी फलटणला ब्लाउज शिवते. एकतीस वर्षं झाली. अस्तराचे पाच ब्लाउज दिवसाला होतात, लग्नसराईत ओढूनताणून सहा. हाताखाली एक मुलगी आहे, ती काजं-हुक आणि फॉल-पिको बघते. म्हणजे वेळ मलाही नाही. पण वेळ नसताना हे कसं करायचं, एवढं मला थोडंफार जमलंय, आणि ते जमायच्या आधी मी काय घोळ घातले तेही सांगण्यासारखं आहे.

घोळापासूनच सुरू करते. धंद्याच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी पहाटे उठून तासभर पूजा करायची, अख्खा हरिपाठ म्हणायची, कपाळाला बुक्का लावून मशीनवर बसायची. दिवाळीचे दिवस होते. चाळीसेक ब्लाउज घेऊन ठेवलेले, हातून होण्याची शक्यता शून्य. एका बाईंना मी "उद्या या" असं सहा वेळा सांगितलं. त्यांच्या लेकीचा पहिला दिवाळसण होता. सातव्या वेळी आल्या, उंबऱ्यातच थांबल्या, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बुक्का लावून खोटं बोलता होय?" भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. कापड घेऊन गेल्या, तसंच, न कापलेलं.

'सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण मी लहानपणापासून ऐकलेली. आपल्यावर बसेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री कळलं की माझा परमार्थ सकाळी सहाला सुरू होऊन सातला संपत होता, आणि सातनंतर दिवसभर दुसरीच कुणीतरी बाई माझ्या मशीनवर बसत होती. पुढचं सगळं त्या दोन बायकांना एकत्र आणायची खटपट आहे.

सकाळ: थोडक्यात घ्या

डोळे उघडले की फोनला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे समोर धरायचे. 'कराग्रे वसते लक्ष्मी' सगळ्यांना पाठ असतं, पण हात कुणी बघत नाही. बघा. बोटांच्या टोकाला लक्ष्मी, मध्ये सरस्वती, तळहाताच्या मुळाशी गोविंद. माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक सुयांनी टोचून टोचून चाळणीसारखं झालंय. लक्ष्मी तिथंच राहते म्हणतात, तर तिला बिचारीला रोज टोचून घ्यावं लागत असणार. हे मनात येऊन सकाळी हसू येतं, आणि हसून उठणं वाईट नाही.

मग हरिपाठ. ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग आहेत. घाईघाईनं म्हटले तरी अर्धा तास जातो, आणि घाईत म्हटले की 'हरि मुखें म्हणा' म्हणताना डोक्यात दूध उतू जाण्याचा विचार असतो. मी आता रोज एकच अभंग म्हणते. दोनदा. पहिल्यांदा चालीवर, दुसऱ्यांदा नुसता वाचून, शब्दाशी थांबून. महिन्याकाठी एक फेरी होते. पहिल्याच अभंगात माउलींनी 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' म्हटलंय. ते स्वतः क्षणभर म्हणतात, तर आपण तासाचा हट्ट कशाला धरायचा? ज्यांना अख्खा म्हणायला जमतं त्यांनी जरूर म्हणावा. ज्यांना जमत नाही म्हणून त्या काहीच करत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ज्यांच्या घरी सकाळी एक मिनिटही शांत नसतं त्यांनी गॅसपाशी उभ्या उभ्या म्हणावा. 'काळवेळ नाम उच्चारितां नाहीं' हेही हरिपाठातच आहे. आंघोळ झाली नाही, आसन नाही, समई नाही, म्हणून नाम अडत नाही.

तुमची बॉबिन कोणती?

आता मुख्य गोष्ट. दिवसभर नाम आठवत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. आठवणारच नाही. काम माणसाला खाऊन टाकतं, कामाचा धर्मच आहे तो. म्हणून आठवणीच्या भरवशावर राहू नका, नाम कशाला तरी बांधून टाका.

माझं नाम बॉबिनला बांधलंय. प्रत्येक ब्लाउजचा रंग वेगळा, त्यामुळे दोराही वेगळा आणि बॉबिनही वेगळी. दिवसाला आठ-दहा बॉबिन भरल्या जातात. बॉबिन चाकाशेजारच्या दांडीवर बसवायची, दोऱ्याचे दोन वेढे हातानं द्यायचे आणि पाय मारायचा. भरायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. त्या वेळात हाताला काम नसतं, डोक्याला तर नसतंच. पूर्वी त्या पाऊण मिनिटात मी कोण किती देणं लागतं याचा हिशेब करायची आणि चिडायची. आता बॉबिन फिरायला लागली की 'रामकृष्णहरी' सुरू. भरली की बंद. मोजत नाही, माळ नाही.

सुरुवातीला पंधरा दिवस विसरत होते. म्हणून बॉबिनच्या डबीवर खडूनं 'रा' लिहून ठेवला होता. मग एक दिवस असा आला की दोरा गुंडाळला जायला लागला आणि तोंड आपोआप हललं. आता तर उलटं झालंय. भजनात 'रामकृष्णहरी' सुरू झालं की माझा उजवा पाय हलतो. शेजारची बाई चिमटा काढते.

तुमच्या कामातही अशी बॉबिन असते, शोधावी लागते. तीन गोष्टी बघा. दिवसातून आठ-दहा वेळा तरी होणारी असावी. एका मिनिटाच्या आत संपणारी असावी. आणि त्या वेळात डोकं मोकळं असावं. माझी सून साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे, ती प्रत्येक पेशंटनंतर हात धुते. तिची बॉबिन म्हणजे नळ. माझी एक भाची एसटीत कंडक्टर आहे. तिकीटं फाडताना नाम घ्यायला गेली आणि सुट्ट्या पैशात चुकली. आता गाडी सुटताना डबल बेल मारते तेव्हा घेते, म्हणजे प्रत्येक थांब्याला एकदा. मुलगा पुण्यात कंप्युटरवर काम करतो. त्यानं मला विचारलं, "आई, लॉगिनचा पासवर्डच रामकृष्णहरी ठेवला तर चालेल का?" म्हटलं, चालेल, पण मला सांगून टाकलास, आता बदल.

शेतावरच्या बाईला सांगायला नको. तिला जनाबाई आहे. 'दळितां कांडितां तुज गाईन अनंता.' जनाबाईच्या ओळीत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ती दळताना आणि कांडताना गाते म्हणते. दळण-कांडण हे हाताला पाठ झालेलं काम. जातं फिरतंय, हात फिरतोय, मन रिकामं. अशा कामात गाणं बसतं. सगळ्याच कामात बसत नाही, आणि इथंच भल्याभल्यांची गल्लत होते. माझीही झाली.

कात्री हातात असताना नाम घेऊ नका

हे वाचून काही जण नाराज होतील, पण अनुभवाचं सांगते.

एका मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज होता. जरीचं कापड, साडीबरोबर आलेलं, ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे चुकायला जागाच नाही. मी नुकतीच एका कीर्तनाहून आलेले. मन भरून आलं होतं. गुणगुणत खडूनं बाही आखली, गुणगुणत कापली. पहिली बाही झाली, तोच कागद ठेवून दुसरी कापली. कागद उलटा करायचा असतो. एक डाव्या हाताची, एक उजव्या. नक्षी एका बाजूनं चढणारी असल्यामुळे कापड दुमडून दोन्ही एकदम कापता येत नव्हत्या. जोडायला घेतल्या तेव्हा दिसलं, दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या. जरीला उलट-सुलट असते, फिरवूनही घालता येईना.

दुकानं पालथी घातली, तसं कापड मिळालं नाही. शेवटी साध्या रेशमी कापडाच्या बाह्या लावल्या, कडेला त्याच जरीची पट्टी फिरवली आणि शिलाई घेतली नाही. मुलगी चांगली होती, 'डिझाइन' म्हणून मिरवली. माझं मन मात्र खायला उठलं. देवाचं नाव घेतलं आणि लेकराचं कापड वाया घालवलं, मग त्या नामाचं काय?

आमच्या सासऱ्यांकडे विनोबांच्या गीतेवरच्या प्रवचनांची जुनी प्रत होती. विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, तेच पुस्तक. त्यात चौथ्या अध्यायातल्या 'विकर्म' या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ सासरे मला समजावून सांगायचे. बाहेरून हात जे करतात ते कर्म. आतून मन त्याला जे जोडलं जातं ते विकर्म. दोन्ही मिळाली की कामाचं ओझं जातं. बाहीच्या भानगडीनंतर मला ते लागलं. कापताना माझं कर्म कापडावर होतं आणि मन कीर्तनात. मन कितीही चांगल्या ठिकाणी गेलं असेना, कापडावर नव्हतं. गीतेत 'योगः कर्मसु कौशलम्' आहे, दुसऱ्या अध्यायात, पन्नासावा श्लोक. त्यात कौशल म्हणजे नुसती हातचलाखी नाही हे खरं, मोठ्या लोकांनी त्याचे मोठे अर्थ काढलेत. पण दोन उजव्या बाह्या कापणाऱ्या बाईनं आधी साधा अर्थ घ्यावा.

तेव्हापासून माझा नियम असा: कापायच्या आधी कात्री टेबलावर ठेवायची, एकदा 'रामकृष्णहरी' म्हणायचं, मग तोंड बंद. कापून होईपर्यंत नाम नाही, रेडिओ नाही, फोन नाही, मुलीशी बोलणं नाही. कागद, खडू, कापड, कात्री. नामदेव महाराजांची पदं शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, एकसष्ट. त्यातल्या एका पदात ते मनाला मापाचा गज म्हणतात आणि जिभेला कात्री. ज्या माणसानं गज-कात्री खरोखर हाताळलीय त्यालाच हे सुचणार. गज मोजताना हलला तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मग ओळखायचं कसं, कुठल्या कामात नाम घ्यायचं आणि कुठल्यात नाही? मी मुलीला असं शिकवते: चुकलं तर उसवता येतं का? टीप उसवता येते, हेम उसवता येते, हुक काढता येतो. तिथं ओठ हलू देत. कापलेलं जोडता येत नाही. तिथं सगळं लक्ष हातात. औषधाचा डोस, बँकेतली नोट मोजणी, वळणावरचं स्टिअरिंग, सगळं कात्रीच्या बाजूला.

तारीख देताना

खोट्याचं काय केलं ते सांगते. सत्य बोलायचं असा निश्चय करून काही होत नाही, मी शंभर वेळा केला होता. माझं खोटं तोंडातून निघत नव्हतंच, ते मापवहीतून निघत होतं. वहीत माप होतं, नाव होतं, तारीख नव्हती. कुणी विचारलं की मी समोरच्याचं तोंड बघून तारीख द्यायची.

आता वहीच्या मागं कॅलेंडर चिकटवलंय. प्रत्येक दिवसाच्या चौकटीत पाच उभ्या रेघा, म्हणजे पाच ब्लाउज. ऑर्डर आली की एक रेघ खोडायची. सहावी रेघ मारायची नाही. आठवड्यातला एक दिवस, माझा गुरुवार, पूर्ण कोरा. त्या दिवशी नवं काही नाही, फक्त मागं राहिलेलं, उसवलेलं, बिघडलेलं. हा कोरा दिवस नसेल तर बाकीचं सगळं कोसळतं. लाइट जाते, मुलगी आजारी पडते, पाहुणे येतात, आणि पुन्हा 'उद्या या' सुरू होतं.

बोलायचं कसं, याला गीतेच्या सतराव्या अध्यायात एक फार उपयोगी श्लोक आहे, पंधरावा. 'अनुद्वेगकरं वाक्यं सत्यं प्रियहितं च यत्.' वाणीचं तप. ज्यानं समोरच्याला त्रास होत नाही, जे खरं आहे, गोड आहे आणि भल्याचं आहे, असं बोलणं. चारही एका वाक्यात आणायची म्हणजे तारेवरची कसरत. "उद्या या" हे गोड आहे पण खरं नाही. "नाही होणार, सांगितलं ना!" हे खरं आहे पण गोड नाही. बऱ्याच वर्षांत माझं एक वाक्य ठरून गेलंय: "ताई, पंधरा तारखेच्या आत माझ्याकडून होणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे टाका, मला राग नाही. माप लिहून देते, तिकडे उपयोगी पडेल." माप लिहून द्यायचं मनावर घेतलं तेव्हा मनात कालवलं, आपलं गिऱ्हाईक आपल्याच अक्षरात दुसऱ्याच्या हातात. पण त्यातच 'हित' येतं, नाहीतर ती नुसती सभ्य नकारघंटा.

पहिल्या दिवाळीत तिसऱ्या हिश्शाची गिऱ्हाइकं गेली. खोटं कशाला सांगू, रडले. त्यातली बरीच परत आली, काही आली नाहीत. सत्यानं धंदा वाढतो असं कीर्तनकार सांगतात, माझा दोन वर्षं वाढला नाही. फरक वेगळाच पडला. दाराची कडी वाजली की पूर्वी छातीत धस्स व्हायचं, ते थांबलं.

उरलेलं कापड आणि दुसऱ्याचा वाटा

कापड उरतं. बारीक अंगाच्या मुलीच्या ऐंशी सेंटिमीटरमधून चांगला हातभर तुकडा निघतो. पूर्वी ते शिंप्याचंच समजत. मी कतरण पिनेनं ब्लाउजला लावून परत देते. बायका आश्चर्य करतात, "कशाला काकू, टाकून द्यायचं." टाका, पण तुम्ही टाका. ज्या नको म्हणून ठेवून जातात त्यांचे तुकडे एका पोत्यात जमतात आणि वर्षाला एक गोधडी होते.

दानधर्माचंही सांगायला हवं, कारण तिथंही मी पाय घसरून पडलेय. तुकाराम महाराजांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती ऐकून मला एकदा उमाळा आला आणि महिनाभर कुणाचीच शिलाई मागितली नाही, द्याल ते द्या म्हटलं. महिन्याच्या शेवटी हाताखालच्या मुलीचा पगार द्यायला पैसे नाहीत. ती बिचारी गप्प राहिली, पण तिच्या घरची चूल माझ्या उमाळ्यावर चालणार होती का? मग ती गोष्ट नीट आठवून बघितली. महाराजांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हातात दिला आणि फक्त आपला वाटा बुडवला. गोष्ट सांगताना आपण हा अर्धा भाग गाळतो. उदार व्हायचं तर आपल्या वाट्यातून. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' म्हणणारा माणूस वाण्याचा मुलगा होता, दुकान चालवलेला, हिशेब त्याला कळत होता.

आता माझं असं आहे: मुलीचा पगार पाच तारखेला, काही झालं तरी. त्यानंतर माझ्या हिश्शातून महिन्याला चार ब्लाउज किंवा शाळेचे गणवेश बिनपैशाचे. चार म्हणजे चार. पाचवं आलं तर पुढच्या महिन्यात.

याला जोडूनच, 'कर्मण्येवाधिकारस्ते' ऐकवून पैसे बुडवणारे भेटतात. "काकू, तुम्ही तर माळकरी, तुम्हाला फळाची काय अपेक्षा!" हसून सांगायचं, "फळाची नाही हो, शिलाईची आहे. साडेचारशे." मजुरी ही ठरलेली गोष्ट आहे, ती मागण्यात कुठलीही आसक्ती नाही. फळ म्हणजे आपल्या हातात नसलेलं. मन लावून शिवलेला ब्लाउज तिला आवडेल की नाही, लग्न मोडेल, पाऊस येईल, दोन महिन्यांनी तिचं अंग भरेल आणि ती म्हणेल तुम्ही घट्ट शिवला. (म्हणून मापासमोर तारीख लिहा. आणि बगलेत दोन्हीकडे इंचभर कापड आत सोडा.) त्या गोष्टी मी सोडायला शिकले. शेवटचा दोरा कापला, इस्त्री फिरवली, घडी घातली की 'कृष्णार्पणमस्तु' म्हणते आणि खुंटीला अडकवते. खुंटीवर गेलेल्या ब्लाउजचा पुन्हा विचार नाही. घडी घालायच्या आधी मात्र मी कितीही किरकिर करते.

जेवण, तेल, दिवा

हे पटकन सांगते. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'युक्ताहारविहारस्य' आहे, खाणं, फिरणं, झोपणं, जागणं सगळं बेतानं असलेल्याचाच योग दुःख घालवतो. दिवाळीच्या दिवसांत मशीनवर बसून वडापाव खाणाऱ्या बाईनं हा श्लोक भिंतीवर लावावा. मी दीड वाजता उठते, हात धुते, 'वदनीं कवळ घेतां' म्हणते आणि ताटावर बसते. रात्री आठनंतर मशीन बंद. गडद निळ्यावर काळी टीप रात्री घालायची नाही, डोळेही जातात आणि टीपही.

मशीनला नमस्कार खंडेनवमीला सगळेच करतात, झेंडू वाहतात, हळद-कुंकू लावतात. वर्षातून एकदा फूल आणि बाकी वर्षभर शटलमध्ये कापसाचा गोळा, याला पूजा म्हणत नाहीत. मी दर एकादशीला शटल काढून ब्रशनं साफ करते, मशीनचं तेल दोन-दोन थेंब सोडते आणि एका जुन्या चिंधीवर चार टिपा मारून जादा तेल काढते. एकादशी महिन्यात दोनदा येते, मशीनलाही तेवढंच लागतं. उपास माझा, तेल तिचं. गोडंतेल मात्र घालू नका, चिकट होऊन बसतं.

संध्याकाळी दिवा लावला की मापवहीच्या शेवटच्या पानावर दोन-तीन ओळी लिहिते. आज कुठं खोटं बोलले. कुणाला टाकून बोलले. काय चांगलं झालं. पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, नाहीतर स्वतःला बोल लावण्यातही एक गोडी असते आणि ती लागते. परवाची ओळ: 'मुलीला काजावरून सगळ्यांसमोर बोलले. काज बरोबर होतं, चष्मा माझा चुकला.' दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या दोघी बायका तेव्हा बसल्या होत्या त्यातली एक आली, तेव्हा तिच्यासमोरच मुलीला सांगितलं की चूक माझी होती. लिहून ठेवलं नसतं तर सांगितलं नसतं.

वर्षातला एक दिवस

एकटीनं हे फार काळ टिकत नाही. एकादशीचं भजन गाठा, चार माणसांत बसा. माझा तर वर्षाचा खरा हिशेब आषाढात होतो. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते, विमानतळाच्या मैदानावर तळ पडतो आणि गाव भरून जातं. कुणी चहा देतं, कुणी पाय चेपून देतं, न्हावी दाढ्या करतात. मी आणि मुलगी मशीन उचलून ओट्यावर आणतो. पिशव्यांचे बंद, फाटलेले सदरे, छत्र्या, पताकेची कड, जे येईल ते. त्या दिवसाला पाच रेघा नसतात.

मागल्या खेपेला परभणीकडची एक म्हातारी आली. पायात प्लास्टिकची चप्पल, डोक्यावर तुळस. खांद्यावरच्या पिशवीचा बंद एका बाजूनं निघाला होता. मी दोन टिपा मारून दिल्या, दोरा तोडला, वर धरून दाखवली. तिनं पिशवी घेतली, पण खांद्याला लावली नाही. खाली बसली, आतलं सगळं ओट्यावर काढलं, टाळ, चुरमुऱ्याची पुडी, औषधाची पाकिटं, मग पिशवी उलटी केली आणि आतली शिवण बोटानं चाचपत गेली. मागं तीस माणसांची रांग.

"आतून दुमड घेतली न्हाईस," म्हणाली. "दोरे सुटतील बाई. अजून पंढरी लांब हाय."

बघितलं, तर खरंच घेतली नव्हती. मी पिशवी परत घेतली, टीप उसवली आणि बॉबिनमधला दोरा संपला म्हणून नवी भरायला लावली. बॉबिन फिरायला लागली, तशी ती माझ्याआधीच म्हणायला लागली.